एक मग म्हणजे किती

सुट्टीच्या दिवशी बेकरीच्या मागच्या खोलीत घरातली पाचही माणसं जमली, की समजून जावं, आज कोणाची तरी धडगत नाही. मागच्या वेळी नवी भट्टी घ्यायचं ठरवायला बसले होते, तर भट्टी राहिली बाजूला आणि भाच्याचं कॉलेज सुटलं. आज कोणाची पाळी आहे हे आत्याला कालच कळलं होतं. आज तिची होती.

टेबलाच्या मधोमध तिचा मग ठेवला होता. पांढऱ्या इनॅमलचा, निळ्या काठाचा, कान तुटलेला. वडिलांनी बेकरी काढली तेव्हापासून मैदा, साखर, दूध, सगळं याच मगानं मोजलं जायचं, आणि वडील गेल्यापासून तो कालपर्यंत आत्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या हाती लागला नव्हता. मगाशेजारी एक चपटा, काचेचा, हिरवे आकडे दाखवणारा वजनकाटा होता. तो भाच्याच्या बायकोचा. ती इस्पितळातल्या औषधांच्या विभागात कामाला होती, दिवसभर पावडरी तोलून पुड्या बांधायची. लग्न होऊन आली त्याच्या आठव्या दिवशी तिनं “चहात साखर किती ग्रॅम घालू?” असं अगदी सरळ चेहऱ्यानं विचारलं होतं. तेव्हापासून आत्या तिला मिलिग्रॅम म्हणायची. मग सगळं घर म्हणायला लागलं. नवराही.

“आत्या, बसा ना,” मिलिग्रॅम म्हणाली.

“तुम्ही बसा. माझे पाय शाबूत आहेत अजून.”

“छोटी, आता सुरू नको होऊस,” दादा म्हणाले. दादा तिचे थोरले भाऊ, वय चौऱ्याहत्तर. सत्तर वर्षांच्या बहिणीला चारचौघांत छोटी म्हणायला त्यांना काही वाटायचं नाही. बेकरी त्यांच्या नावावर होती आणि पुढच्या दुकानात तेच बसायचे, पण आयुष्यात त्यांनी एक अंडं फोडलं असेल तर शपथ. “दुपारी चारला त्या नव्या दुकानाच्या जागेच्या मालकाला होय-नाही सांगायचंय. जागा घेतली तर तिथं दोन कारागीर ठेवणार. त्यांना आल्याचा केक लिहून द्यायला हवा. तुझ्या मगाचे काय दोन तुकडे करून वाटायचे?”

“तसाच दुसरा मग आणा.”

“तीन आणले, आत्या,” भाचा म्हणाला. “एक लहान निघाला, एक मोठा, आणि तिसऱ्याचा केक आईनं कुत्र्याला घातला. त्यानं वास घेऊन सोडून दिला.”

“कुत्र्याला अक्कल असते,” वहिनी म्हणाली. वहिनी म्हणजे दादांची बायको. ती दाराजवळच्या स्टुलावर बसून केकच्या साच्यांना लोणी लावत होती. घरात कुठलंही भांडण असलं तरी ती दोन्ही बाजूंना एकेक चिमटा काढून मोकळी व्हायची. आज मात्र प्रश्न तिच्या लेकाच्या दुकानाचा होता, त्यामुळे तिच्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हता.

मिलिग्रॅमनं मग हातात घेतला.

“हे बघा आत्या. मग म्हणजे जागा झाली, वजन नाही. यात पाणी भरलं तर बरोबर तीनशे ग्रॅम भरतं, मी सकाळीच बघितलं. मैदा भरला तर जवळपास निम्मंच. त्यातही हलक्या हातानं भरला तर एक वजन, खच्चून भरला तर दुसरं. एकाच खोलीत चार माणसंही मावतात आणि दहाही.”

“आमच्याकडे पाचच मावतात, आणि जागा एकालाही नसते.”

वहिनी फिसकन हसली आणि लगेच साच्यात तोंड घातलं.

“म्हणून तुम्ही रोजच्यासारखं मोजा,” मिलिग्रॅम न चिडता म्हणाली. हिला चिडता का येत नाही हे आत्याला आजवर न उलगडलेलं कोडं होतं. “प्रत्येक मग मी काट्यावर ठेवीन, आकडा लिहीन, मगच तो पातेल्यात जाईल. केक नेहमीसारखा झाला, की आकडे पक्के. पुढं कोणीही करू शकेल.”

“आणि तुला आराम,” दादा म्हणाले. “पुष्कळ झालं आता, छोटी. एकदा लिहून झालं की घरी बस निवांत.”

घ्या. आलं तोंडातून. आत्या हेच ऐकायची वाट बघत होती. घरी बस. वरच्या मजल्यावरच्या तिच्या खोलीत एक पलंग, एक खिडकी आणि भिंतीवर मागच्या वर्षीचं कॅलेंडर होतं. तिथं बसून करायचं काय? खिडकीतून कोण किती पाव घेऊन जातंय ते बघायचं? पन्नास वर्षं रोज पहाटे साडेचारला उठून खाली आलेल्या बाईला घरी बस म्हणणं म्हणजे भट्टीला सांगणं की बाई, तू आता कपाट हो. कोणीही करू शकेल म्हणे. मग आत्यानं काय करायचं?

हातातली कला गेली की माणसाची अडगळ व्हायला किती वेळ लागतो हे तिनं वडिलांच्या वेळी बघितलं होतं. त्यांचे हात थरथरायला लागले, त्यांना दादांनी असंच निवांत बसवलं, आणि निवांतपणानं ते सहा महिन्यांत गेले.

“बरं,” आत्या म्हणाली. “काढा तुमचा काटा.”

इतक्या लवकर ती कबूल झाली म्हणून दादा खूश झाले. सत्तर वर्षं एका घरात राहूनही त्यांना बहीण कळली नव्हती. वहिनीनं तेवढं एकदा वर बघितलं.

आत्यानं मैद्याचा डबा उघडला. रोज ती मग सरळ डब्यात खुपसायची आणि भरभरून वर काढायची. आज तिनं चमचा घेतला. एकेक चमचा मैदा, वरून, अलगद, मगात सोडत राहिली. मैदा असा भुरभुरत पडत होता, जणू त्याला पडताना लागू नये. वरचा ढीग सुरीनं हळूच सपाट केला आणि मग काट्यावर ठेवला.

“एकशे बावन्न,” मिलिग्रॅमनं लिहिलं.

दुसरा मग. “एकशे त्रेपन्न.” तिसरा. “एकशे बावन्न. काय सारखा हात आहे हो आत्या!”

हिला रोजचा हात माहीत असण्याचं कारणच नव्हतं. सकाळी बेकरीत काम चालायचं तेव्हा ही इस्पितळात निघायच्या गडबडीत असायची. भाचा माल पोचवायला बाहेर, आणि दादा आठच्या आत खाली उतरले तर लोक विचारायचे, घरी कोणी आजारी आहे का. वहिनी असायची, पण ती साच्यांतून मान वर काढायची नाही. थोडक्यात, लबाडी पकडणारं कोणी नव्हतं. असे आठ मग झाले. साखरेला आणि सोड्याला तिनं हात लावला नाही. लबाडी करायची तर एकच करावी, दोन केल्या की त्या एकमेकींच्या चहाड्या करतात.

“मैदा एकूण एक किलो दोनशे सोळा,” मिलिग्रॅमनं बेरीज करून सांगितलं. “सोपं झालं.”

“सोपंच असतं सगळं,” आत्या म्हणाली, आणि साचे भट्टीत सरकवले.

केक भाजायला पन्नास मिनिटं. भाचा नव्या जागेच्या दारांची मापं सांगत होता आणि दादा मान हलवत होते. आत्या भट्टीच्या काचेसमोर उभी होती. केक आधी छान फुगले. नको तेवढे फुगले. मग मधोमध एक खळगा पडला आणि बघता बघता सहाच्या सहा केक आतल्या आत बसले. तिचं काम झालं होतं. आनंद व्हायला हवा होता. पण पन्नास वर्षांत तिच्या भट्टीतून असला माल बाहेर आला नव्हता, आणि तो टेबलावर मांडताना तिचे कान गरम झाले.

भाच्यानं सुरी घातली. मध्ये चिकट, कडेला कडक. दादांनी तुकडा तोंडात घातला, चघळला, आणि रुमालात काढून ठेवला.

आत्या तयारच होती. आता दादा म्हणणार, हे ग्रॅमचं खूळ बंद करा, आपला मगच बरा. तिनं चेहरा जरा दुःखी करून ठेवला.

“मला वाटलंच होतं,” दादा म्हणाले. “छोटीचा हात गेला.”

“काय?” आत्या म्हणाली.

“अगं, मग तुझा, माप तुझं, भट्टी तुझी. काट्यानं फक्त आकडा लिहिला. त्यानं काय केकमध्ये बोट घातलं? वय झालं तुझं. वडिलांचंही असंच झालं होतं.” मग त्यांचा आवाज मऊ झाला, आणि ते तिला जास्तच झोंबलं. “तू मनाला लावून घेऊ नकोस. त्या मालकाला मी नाही सांगतो. आणि इथंही उद्यापासून एक कारागीर बघू. आल्याचा केक बंद. लोक काय, दुसरं काहीतरी खातील.”

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. बोलावं तर चोरी उघडी पडते, गप्प बसावं तर हात गेल्याचा शिक्का.

“नाही बाबा,” मिलिग्रॅम म्हणाली. “आत्यांचं नाही चुकलं. काटाच चुकला असेल.”

“काटा कसा चुकेल?”

“जुना आहे. बॅटरी उतरली की कमी-जास्त दाखवतो. मी आधी तपासायला हवा होता. माझाच हलगर्जीपणा.”

“अगं, पण काटा चुकला तरी केक कसा—” भाच्यानं तोंड उघडलं आणि बायकोनं त्याच्याकडे असं बघितलं की ते उघडंच राहिलं.

काटा दोन आठवड्यांपूर्वी नवा आणला होता. खोक्यासकट कपाटावर ठेवलेला आत्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता. आणि ही मुलगी, जी नवऱ्यालाही ताप किती ते दशांशासकट सांगायची, ती खाली मान घालून स्वतःच्या काट्याला खोटं ठरवत होती. कोणासाठी? जिनं तिचं नाव मिलिग्रॅम ठेवलं तिच्यासाठी.

आत्या मागच्या मोरीत गेली आणि नळ सोडून हात धूत राहिली. हात स्वच्छच होते. जरा वेळानं वहिनी खरकटे साचे घेऊन आत आली आणि तिनं पायानं दार लोटलं.

“वन्सं, एकदाही नाही आपटलात आज.”

“काय आपटायचं?”

“मग. रोज आपटता तो. मैदा भरला की टेबलावर चार वेळा. ठक, ठक, ठक, ठक.”

“मी? छे! मी नाही काही आपटत.”

“ऐका यांचं!” वहिनीनं साचे मोरीत ओतले. “चाळीस वर्षं ऐकतेय मी. मी काय बहिरी आहे? लग्न होऊन आले आणि तिसऱ्या दिवशी खाली उतरले, तेव्हा तुम्ही म्हणालात, वहिनी, साच्याला लोणी लावायलाही अक्कल लागते. आणि आपटलात मग चारदा. तेव्हापासून मी रोज काहीतरी बोलते, तुम्ही रोज काहीतरी बोलता आणि मगाला मार बसतो. मैदा बिचारा भीतीनं खाली बसतो. वर मग भरायला पुन्हा मूठभर मैदा लागतो. आज तुम्ही त्याला चमच्यानं भरवत होतात. बाळ आहे काय ते?”

आत्याला खरंच माहीत नव्हतं. ज्या हातावर ती पन्नास वर्षं मिरवली तो हात रोज काय करतो हे तिला सोडून दुसऱ्याच बाईला ठाऊक होतं, आणि तीही ही.

“मग बोलली का नाहीस बाहेर?”

“बोलणार होते. तेवढ्यात ती पोरगी खोटं बोलली. मला वाटलं, आधी तुम्हाला लाज वाटते का बघावं.”

नळ वाहत होता. आत्यानं तो बंद केला.

“लिहून झालं की माझं काय काम गं?” ती म्हणाली. “दादा घरी बस म्हणतो. मला नाही बसता येत. मी मरेन तिथं.”

“ते मला काय सांगताय? बाहेर जाऊन त्यांना सांगा. पण आधी त्या पोरीला मोकळं करा. तिच्या काट्याची अब्रू काढलीत तुम्ही.”

चांगलं सांगायलाही वहिनीला कधी गोड बोलता आलं नाही. आत्या पदराला हात पुसत बाहेर आली. दादा फोन हातात घेऊन जागेच्या मालकाचा नंबर शोधत होते.

“ठेव तो फोन,” आत्या म्हणाली. “काटा बरोबर आहे. माझा हातही बरोबर आहे. मी मुद्दाम मैदा कमी घातला.”

“मुद्दाम? का?”

“कारण तू मला घरी बसवणार होतास. वडिलांना बसवलंस तसं.”

दादांनी फोन टेबलावर ठेवला, मग उचलला, मग पुन्हा ठेवला. “मी चांगल्यासाठी बोललो होतो,” ते म्हणाले.

“ठाऊक आहे. तुझ्या चांगल्याचीच भीती वाटते.” मग ती मिलिग्रॅमकडे वळली. माफी मागायची तिला सवय नव्हती, त्यामुळे ती भांडल्यासारखीच मागितली गेली. “आणि तू गं! खोटं कशाला बोललीस? शोभतं का तुला? लाव तो काटा. आता खरं मोजते. चुकले मी.”

मिलिग्रॅमनं काटा लावला. आत्यानं मग डब्यात खुपसला, भरला, आणि आठवून आठवून टेबलावर चार वेळा आपटला. वर पुन्हा मैदा घालून सपाट केला.

“एकशे एकसष्ट.”

दुसरा मग. “एकशे चौऱ्याहत्तर.” तिसरा. “एकशे सहासष्ट.” मिलिग्रॅमचं पेन थांबलं. “आत्या, मघाशी हात सारखा होता. आता प्रत्येक वेळी वेगळं येतंय.”

“लक्ष देऊन आपटतेय ना,” आत्या वैतागली. “रोज काय मी मोजून आपटते? रोज आपोआप होतं.”

“सरका,” वहिनी म्हणाली. ती स्टूल ओढून टेबलाजवळ आली, साचा मांडीवर घेतला, लोण्यात बोटं बुडवली, आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, “तरी मी म्हणते, वन्सं, केक तुमच्या वडिलांच्या हातचाच बरा होता.”

ठक, ठक, ठक, ठक.

“एकशे सत्त्याऐंशी,” मिलिग्रॅम म्हणाली.

“माझी छत्री नेलीत ती अजून आणताय.”

“तुझी छत्री होती की भोकांची जाळी होती?” ठक, ठक, ठक, ठक.

“एकशे सत्त्याऐंशी.”

“आणि तुमचा चहा! भांडी विसळलेलं पाणी चार तुकडे आलं घालून उकळलं की तुमचा चहा होतो.”

“एकशे शहाऐंशी,” मिलिग्रॅम म्हणाली. तिचा आवाज आता हसू दाबून बारीक झाला होता. भाचा तोंडावर हात धरून बसला होता. दादा मात्र एकदा बायकोकडे आणि एकदा बहिणीकडे बघत होते. या बेकरीत आपण मालक म्हणून नक्की काय करत होतो, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच उमटला होता.

चौथ्या मगाला आत्याच्या घोरण्याचा विषय निघाला, पाचव्याला तिनं शिवलेल्या पडद्यांचा. सहाव्याला वहिनीनं थेट त्या घड्याळजीवर हात घातला. आत्या तिशीत असताना एक घड्याळं दुरुस्त करणारा तिला बघायला आला होता आणि परत काही आला नव्हता. घरात त्याचं नाव काढायची पद्धत नव्हती. “तो काही पळून जाणाऱ्यातला नव्हता,” वहिनी म्हणाली. “पण तुम्ही पहिल्याच भेटीत त्याला म्हणालात, पाच मिनिटं उशीर झाला.”

“झालाच होता!” आत्या ओरडली. ठक, ठक, ठक, ठक.

“एकशे अठ्ठ्याऐंशी.”

“घड्याळजी असून उशीर करतो म्हणजे काय!”

“हो ना. सातवा भरा. तुमच्या हातच्या पोळ्या मी अजून खुर्चीच्या पायाखाली लावते, डुगडुगायची थांबते.”

“एकशे सत्त्याऐंशी.”

आठव्या मगाला वहिनीनं बोटांचं लोणी साच्याच्या काठाला पुसलं. “आणि बसाच तुम्ही आता घरी,” ती म्हणाली. “माझी रोजची कटकट जाईल.”

आत्यानं मग आपटला. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्यांदा हात वर गेला आणि खाली आलाच नाही. तिनं मग हळूच काट्यावर ठेवला. डोळ्यांतलं पाणी मैद्यात पडू नये म्हणून तोंड बाजूला केलं.

“एकशे ऐंशी,” मिलिग्रॅम म्हणाली. “हा सोडून देऊ. सात पुरेत. एकशे सत्त्याऐंशी पक्के.”

“म्हणजे,” दादा हळूहळू म्हणाले, “आपला केक या दोघींच्या भांडणावर चालतो?”

“मग नव्या कारागिरांना भांडायला कोण देणार?” भाच्यानं विचारलं.

“कशाला द्यायला हवं?” मिलिग्रॅम म्हणाली. “मघाच्यात आणि आत्ताच्यात मगामागे पस्तीस ग्रॅमचा फरक आहे. आठ मगांत दोनशे ऐंशी. तेवढं भांडण वजनात आलं की झालं.”

दोनशे ऐंशी ग्रॅम भांडण घातलेला केक दीडच्या सुमारास बाहेर निघाला. वर सपाट, मधोमध एक बारीक चीर, आणि सगळ्या खोलीत आल्याचा घमघमाट. दादांनी एक तुकडा खाल्ला, दुसरा घेतला आणि पुढच्या दुकानात जाऊन जागेच्या मालकाला होय सांगून आले.

मिलिग्रॅमनं कागद स्वच्छ अक्षरात लिहिला आणि आत्यासमोर धरला. आत्याचा चष्मा वर राहिला होता. “तूच वाच,” ती म्हणाली.

“मैदा एक किलो चारशे शहाण्णव ग्रॅम. तांबडी साखर एक किलो शंभर. लोणी साडेसातशे. अंडी सोळा. दूध सहाशे अठरा. सुंठ पंचेचाळीस. सोडा बावीस. मीठ दहा. मध्यम आच, पन्नास मिनिटं.”

“पुढं?”

“झालं, आत्या.”

“एवढंच?”

“एवढंच.”

अर्धं पानसुद्धा भरलं नव्हतं. आत्याला वाटत होतं, निदान वहीभर तरी निघेल. पन्नास वर्षं पहाटे उठली ती एवढ्यासाठी. हे तर वाण्याला द्यायच्या यादीपेक्षा लहान होतं.

“सुटलीस गं छोटी!” दादा म्हणाले. मघाचं सगळं ते केकच्या दोन तुकड्यांत विसरले होते. “आता कोणीही करेल.”

“एवढंच होतं,” वहिनी म्हणाली, “तर मला का नाही दिलंत?”

तिच्या आवाजात आता चिमटा नव्हता. सगळ्यांनीच तिच्याकडे बघितलं.

“आले त्या वर्षी मागितलं होतं मी. दोनदा मागितलं. तुम्ही म्हणालात, सांगून येत नसतं. मग म्हटलं, बघून बघून चोरीन. म्हणून तर रोज खाली यायला लागले. चाळीस वर्षं तुमच्या हाताकडे बघत साच्यांना लोणी लावलं मी, वन्सं. तुमच्या भावानं कधी विचारलं नाही, कुठं जातेस म्हणून. आठ ओळी होत्या. दिल्या असत्या तर काय बिघडलं असतं?”

आत्याला खोटं बोलता आलं असतं. वडिलांची शपथ होती, वगैरे. सकाळपासून तिनं एक खोटं करून बघितलं होतं, आणि ते पुष्कळ झालं होतं.

“दिल्या असत्या,” ती म्हणाली, “तर तू रोज पहाटे खाली आली असतीस?”

वहिनीनं समोरचा केकचा चुरा बोटानं गोळा केला.

“नसते आले,” ती म्हणाली. “मी काय खुळी आहे?”

“म्हणूनच नाही दिल्या.”

दादांनी घसा साफ केला. त्यांना काहीतरी समजुतीचं बोलायचं असावं, पण वहिनीनं त्यांच्याकडे न बघताच हात वर केला आणि ते गप्प बसले. तिनं मिलिग्रॅमच्या हातून कागद घेतला, डोळ्यांपासून लांब धरून वरपासून खालपर्यंत वाचला, त्याची घडी घातली आणि लेकाच्या हातात दिली.

“हे घेऊन तुमच्या नव्या दुकानात लाव जा. इथं नको आणूस.”

“अगं आई, पण इथंही लागेल ना? आत्या घरी बसली की—”

“इथं नको म्हटलं ना,” वहिनी म्हणाली. “इथं आम्हाला दोघींना वाचता येत नाही.”